आगंतुकाचे नाट्यप्रयोजन : 'अ‍ॅन इन्स्पेक्टर कॉल्स'मधील गूल

मराठीत घरी येणाऱ्या माणसासाठी निरनिराळे शब्द आहेत आणि त्यांत सूक्ष्म भेद आहे. पाहुणा येतो तो नात्याच्या किंवा ओळखीच्या आधाराने. अतिथीची तिथी ठरलेली नसली, तरी त्याच्या येण्याला धर्माची मान्यता असते. आगंतुकाला यांपैकी कसलाच आधार नसतो. तो न बोलावता येतो, आणि यजमानाने त्याला का सहन करावे याचे उत्तर त्याचे त्यालाच निर्माण करावे लागते. नाटककारांना या तिसऱ्या माणसाचे आकर्षण वाटत आले आहे, यात नवल नाही. बंदिस्त घर, त्यातील ठरलेली नाती आणि बाहेरून आलेला एक अनोळखी माणूस एवढ्या सामग्रीवर संघर्ष उभा राहू शकतो. परंतु आगंतुकाचा असा उपयोग बहुधा संविधानकापुरता असतो. रहस्य निर्माण करणे आणि शेवटी त्याचा उलगडा करणे, एवढ्यावर त्याचे कार्य संपते. जे. बी. प्रीस्टली यांच्या 'अ‍ॅन इन्स्पेक्टर कॉल्स' या नाटकातील आगंतुक याला अपवाद आहे. त्याचे रहस्य अखेरपर्यंत उलगडत नाही, आणि ते न उलगडणे हाच नाटकाच्या आशयाचा गाभा आहे.

हे नाटक दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस लिहिले गेले. लंडनमध्ये नाट्यगृह उपलब्ध न झाल्यामुळे त्याचे पहिले प्रयोग १९४५ मध्ये सोव्हिएत रशियात, मॉस्को आणि लेनिनग्राड येथे झाले. १९४६ च्या ऑक्टोबरमध्ये ते लंडनच्या न्यू थिएटरमध्ये आले, तेव्हा इन्स्पेक्टरची भूमिका राल्फ रिचर्डसन यांनी केली होती. नाटकाचा काळ मात्र १९१२ चा आणि स्थळ ब्रम्ली हे इंग्लंडच्या उत्तर मिडलंड्समधील कल्पित औद्योगिक शहर. आर्थर बर्लिंग या कारखानदाराच्या घरी त्याच्या मुलीच्या, शीलाच्या, वाङ्निश्चयाची मेजवानी चालू आहे. भावी जावई जेरल्ड क्रॉफ्ट हा त्याहून मोठ्या आणि प्रतिस्पर्धी उद्योगघराण्यातला. बर्लिंगला लवकरच 'सर' ही पदवी मिळण्याची आशा आहे. अशा तृप्तीच्या वेळी तो जेरल्डला आणि आपल्या मुलाला, एरिकला, व्यवहारज्ञानाचे पाठ देतो. माणसाने आपले आणि आपल्या कुटुंबाचे पाहावे, समाजाची जबाबदारी वगैरे कल्पना खुळचट आहेत, हे त्याचे सार. हे बोलणे चालू असतानाच दारावरची घंटा वाजते. बर्लिंगचे वाक्य अर्धवट तुटते, आणि त्या तुटलेल्या वाक्याचे उत्तर म्हणूनच जणू इन्स्पेक्टर गूल आत येतो.

या प्रवेशाची सिद्धता प्रीस्टलींनी बारकाईने केली आहे. आरंभीचा प्रकाश गुलाबीसर आणि जिव्हाळ्याचा असावा. इन्स्पेक्टर आल्यावर तो अधिक प्रखर आणि कठोर व्हावा, अशी रंगसूचना आहे. 'गूल' या आडनावाचा उच्चार इंग्रजीतील पिशाच्चवाचक शब्दाशी जुळतो. पण त्याच नावाचे एक खरे बंदरगावही यॉर्कशायरमध्ये आहे. नावातच भुताची आणि वास्तवाची अशी दुहेरी सूचना आहे. याहून मार्मिक आहे तो बर्लिंगचा पहिला समज. बर्लिंग माजी महापौर आहे आणि अजूनही दंडाधिकारी आहे. दारात पोलीस अधिकारी आला म्हणजे एखाद्या वॉरंटवर आपली सही हवी असणार, असे तो सहजपणे धरून चालतो. कायदा या घरात येतो तो सही घ्यायला. तो प्रश्न विचारायला येऊ शकतो, ही शक्यता या घराच्या कल्पनेतच नाही.

इन्स्पेक्टर सांगतो ती घटना थोडक्यात अशी. इव्हा स्मिथ नावाच्या चोवीस वर्षांच्या तरुणीने जंतुनाशक द्रव पिऊन आत्महत्या केली आहे. १९१० च्या सप्टेंबरात बर्लिंगने तिला कारखान्यातून काढले, कारण साडेबावीस शिलिंगांऐवजी आठवड्याला पंचवीस शिलिंग वेतन मिळावे म्हणून झालेल्या संपात ती पुढे होती. नंतर एका मोठ्या दुकानात मिळालेली नोकरी शीलाच्या रागामुळे गेली. शीलाला न शोभणारा पोशाख पाहून ती हसली, एवढेच निमित्त. पुढे डेझी रेंटन या नावाने वावरत असताना जेरल्डने तिला आधार दिला, काही महिने ठेवले आणि सोडले. त्यानंतर एरिकपासून ती गरोदर राहिली. शेवटी ती साहाय्य मागायला एका धर्मादाय संस्थेकडे गेली, तेव्हा तिथे निर्णय देणाऱ्या बर्लिंगच्या पत्नीने, सिबिलने, तिची याचना फेटाळली. एका माणसाच्या अधःपाताला एकाच कुटुंबातील पाचही जणांनी हातभार लावावा, हा योगायोग वास्तवाच्या कसोटीवर टिकणारा नाही, आणि टीकाकारांनी त्यावर बोट ठेवले आहे. पण ही रचना वास्तवाची नोंद म्हणून उभी केलेली नाही. कारखाना, दुकान, सुखवस्तू पुरुषाची कृपा, घरंदाज मुलाची वासना आणि दानधर्म अशा पाच दारांतून कामगार वर्गातील एका स्त्रीला समाज कसा बाहेर ढकलत नेतो, याचा तो आराखडा आहे. पाचही दारे एकाच घराची निघतात, हा त्या आराखड्याचा निष्कर्ष होय.

इन्स्पेक्टरच्या चौकशीची पद्धत या संदर्भात लक्षणीय ठरते. तो एका वेळी एकाच व्यक्तीला प्रश्न विचारतो. छायाचित्र दाखवतो तेही एकालाच, इतरांना दिसणार नाही अशा बेताने. रूढ रहस्यनाट्यातला शोधक पुरावे गोळा करून गुन्हेगाराचे नाव उच्चारतो. गूलला जवळजवळ सारे आधीच ठाऊक आहे. त्याला माहिती नको आहे, कबुली हवी आहे. तो एखादे नाव उच्चारतो, थांबतो, आणि समोरचा माणूस आपणच बोलू लागतो. दुसऱ्या अंकाच्या शेवटी सिबिल त्या मुलीच्या अपत्याच्या पित्याला दोषी ठरवते, त्याला जाहीरपणे जबाब द्यायला लावावे असा आग्रह धरते, आणि तो पिता आपलाच मुलगा असल्याचे तिच्या फार उशिरा ध्यानात येते. हा निवाडा इन्स्पेक्टरने दिलेला नाही. त्याने केवळ तिला बोलू दिले. आगंतुकाने घरात काही नवे आणलेले नसते. घरात होते तेच तो बाहेर काढतो.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो, आणि या नाटकाच्या वाचनात तो निर्णायक ठरावा. या पाच जणांनी केलेल्या कृत्यांत कायद्याच्या दृष्टीने गुन्हा किती? संपकऱ्याला कामावरून काढणे हा मालकाचा अधिकार होता. गिऱ्हाइकाने दुकानाच्या व्यवस्थापकाकडे तक्रार करणे, प्रियकराने संबंध तोडणे, संस्थेने अर्ज नाकारणे यांपैकी कशालाही शिक्षा नव्हती. एरिकने पहिल्या भेटीत केलेली बळजबरी आणि वडिलांच्या पेढीतून उचललेले पैसे हे काय ते अपराध. त्यांपैकी पहिल्याची फिर्याद करणारी मेली आहे आणि दुसऱ्याची फिर्याद बाप करणार नाही. उलट इंग्लंडच्या कायद्यात आत्महत्या हाच त्या काळी गुन्हा होता, आणि तो १९६१ पर्यंत गुन्हा राहिला. म्हणजे ब्रम्लीच्या एखाद्या खऱ्या पोलीस अधिकाऱ्याने हे प्रकरण कायद्याच्या चौकटीत हाताळले असते, तर कागदोपत्री अपराधी म्हणून एकच नाव पुढे आले असते, ते इव्हा स्मिथचे.

ही गोष्ट ध्यानात घेतली, की गूल खरा पोलीस अधिकारी का असू शकत नाही हे स्पष्ट होते. तो जे प्रश्न विचारतो ते विचारण्याचा अधिकार कोणत्याही पोलीस ठाण्याने कुणाला दिलेला नाही. कायद्याने ज्याला गुन्हा म्हटलेले नाही, पण ज्यातून माणूस मरतो, अशा वर्तनाची चौकशी त्याला करायची आहे. अशा चौकशीला अधिकारपत्र नसते. म्हणून गूलचे तोतयेपण हा नाटकातील केवळ शेवटचा धक्का नाही. ती त्याच्या भूमिकेची पूर्वअट आहे. कायदा जिथे संपतो आणि जबाबदारी जिथे सुरू होते, त्या मधल्या जागेत हा माणूस उभा आहे, आणि त्या जागेला समाजव्यवस्थेत नाव नसल्यामुळेच तो गूढ वाटतो.

तिसऱ्या अंकाचा उत्तरार्ध या दृष्टीने वाचायला हवा. इन्स्पेक्टर निघून जातो. गूल नावाचा कोणी अधिकारी पोलिसांत नाही, हे जेरल्ड बाहेरून कळून येतो. बर्लिंग पोलीसप्रमुखाला दूरध्वनी करून त्याची खातरजमा करतो. जेरल्ड रुग्णालयात विचारणा करतो. तिथे अशी कोणी मुलगी मरण पावलेली नाही. शिवाय प्रत्येकाने एकच छायाचित्र पाहिले हे कशावरून, असाही प्रश्न तो काढतो. जेरल्डला तर छायाचित्र दाखवलेच नव्हते. तेव्हा एक इव्हा स्मिथ नव्हतीच, वेगवेगळ्या मुली असतील, असा तर्क मांडला जातो. बर्लिंगचा जीव भांड्यात पडतो आणि पेले पुन्हा भरले जातात.

या तर्कशास्त्रात चूक कुठेच नाही, आणि हेच भयंकर आहे. जेरल्डने दाखवलेली बुद्धी ही एखाद्या चांगल्या शोधकाचीच बुद्धी आहे. पण ती एका वेगळ्याच प्रश्नाकडे वळवली गेली आहे. 'आपण काय केले' या प्रश्नाच्या जागी 'तो कोण होता' हा प्रश्न आणून बसवला जातो, आणि दुसऱ्याचे उत्तर मिळताच पहिला प्रश्न निकालात निघाला असे मानले जाते. शीला आणि एरिक हेच नाकारतात. पाच मुली असल्या तरी प्रत्येकीशी जे वागणे झाले ते झालेच, एवढे साधे सत्य त्यांना दिसते. किंबहुना पाच निराळ्या मुली असणे हे अधिक गंभीर आहे. कारण एकीच्या बाबतीत घडला तर योगायोग म्हणता येईल असा प्रकार मग रोजच्या वहिवाटीचा ठरतो. इन्स्पेक्टरही जाताना अशा लक्षावधी स्त्रीपुरुषांचाच उल्लेख करून गेलेला असतो. जेरल्ड ज्याला पळवाट समजतो, ती वाट नेमकी त्याच ठिकाणी येऊन पोचते.

गूलच्या रहस्यात रमणारा प्रेक्षक आणि समीक्षकही येथे अडचणीत सापडतो. तो भूत आहे, सदसद्विवेकबुद्धीचे मूर्त रूप आहे, भविष्यातून आलेला दूत आहे, की नाटककाराचाच मुखवटा आहे, याची चर्चा विपुल झाली आहे. प्रीस्टलींच्या काळविषयक नाटकांचा आधार या चर्चेला मिळतो. १९३७ च्या 'आय हॅव बीन हिअर बिफोर' या नाटकात डॉ. गर्टलर हा परदेशी आगंतुक यॉर्कशायरमधल्या एका खाणावळीत येतो आणि कालचक्राच्या पुनरावृत्तीची ओळख तिथल्या माणसांना करून देतो. उस्पेन्स्कीच्या कालविचाराचा प्रभाव त्या नाटकावर उघड आहे, आणि गूल हा गर्टलरचा वंशज म्हणता येईल. परंतु गर्टलरपाशी एक सिद्धांत आहे आणि तो सिद्धांत नाटकात सांगितला जातो. गूलबाबत प्रीस्टलींनी असा कोणताही सिद्धांत पुरवलेला नाही. त्याची ओळख पटवून देणे म्हणजे त्याला पुन्हा एखाद्या खात्यात, मग ते पारलौकिक खाते का असेना, नेमणूक देणे होय. नेमणुकीचा कागद पाहिल्याशिवाय प्रश्नाला उत्तर द्यायचे नाही, हीच तर बर्लिंगची भूमिका आहे.

काळाचा वापर या नाटकात आहे तो दुसऱ्या अर्थाने. बर्लिंग १९१२ मध्ये ठामपणे सांगतो, की युद्ध होणार नाही, टायटॅनिक बुडणार नाही, आणि १९४० पर्यंत मालक-मजूर संघर्षाचा विसर पडलेला असेल. दोन महायुद्धे पाहिलेल्या प्रेक्षकाला त्याच्या प्रत्येक भाकिताची विफलता तोंडपाठ होती. ही उपरोधाची योजना काहीशी सोपी आहे, हे मान्य करावे लागते. तरी तिचा एक परिणाम खोलवर होतो. प्रेक्षक जाणता आहे म्हणून तो बर्लिंगला हसतो. आणि हसता हसता इन्स्पेक्टरच्या निरोपाच्या भाषणापाशी येऊन थबकतो, कारण तिथे सांगितलेली अग्नीची आणि रक्तपाताची शिक्षा त्याने स्वतः भोगलेली आहे. १९४२ चा बेव्हरिज अहवाल, १९४५ मधील मजूर पक्षाचा विजय आणि सामाजिक विम्याच्या योजना या सगळ्यांच्या मधोमध हे नाटक उभे होते. जबाबदारी कुणाची, हा प्रश्न त्या प्रेक्षकापुढे मतपत्रिकेच्या रूपाने नुकताच आलेला होता.

निरोपाचे हे भाषण नाटकातील दुर्बल जागा आहे, असे म्हटले जाते, आणि त्यात तथ्य आहे. तोवर मोजके बोलणारा, इतरांना बोलू देणारा गूल येथे एकदम वक्ता होतो. १९४० मध्ये नभोवाणीवरून इंग्रज श्रोत्यांशी बोललेल्या प्रीस्टलींचा आवाज पात्राच्या आवाजावर मात करतो. जे तत्त्व पाच कबुल्यांतून प्रेक्षकाच्या मनात आपोआप सिद्ध झाले होते, ते उच्चारून दाखवल्याने त्याचे बळ वाढत नाही.

त्याहून महत्त्वाचा आक्षेप वेगळा आहे. ज्या स्त्रीसाठी ही सारी चौकशी, ती रंगमंचावर कधीच येत नाही. तिची रोजनिशी, तिचे पत्र, तिचे छायाचित्र या वस्तूंमधून, आणि शेवटी एका पुरुषाच्या मुखातून ती बोलते. नाटकातील खरा बहिष्कृत माणूस गूल नसून इव्हा आहे. तिच्यासाठी न उघडलेले दार गूलसाठी उघडते, कारण त्याच्या नावामागे पोलीस हे बिरुद आहे. १९५४ साली गाय हॅमिल्टन यांनी केलेल्या चित्रपटात इव्हाला पडद्यावर आणले गेले. परंतु ती दिसू लागताच ती एक विशिष्ट दुर्दैवी मुलगी होते आणि जेरल्डच्या शंकेतील धार बोथट होते. तिचे अदृश्य असणे कलादृष्ट्या आवश्यक आहे आणि नैतिकदृष्ट्या अस्वस्थ करणारे आहे. नाटक या दोहोंच्या ताणातून सुटत नाही.

या ठिकाणी मराठी वाचकाला विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) आठवणे स्वाभाविक आहे. तिथेही चौकशी खोटी आहे, तिला कसलाही कायदेशीर अधिकार नाही, आणि तरी ती खऱ्या जखमेपर्यंत पोचते. पण रचना नेमकी उलटी आहे. प्रीस्टलींच्या नाटकात स्त्री अनुपस्थित आहे आणि प्रतिष्ठित माणसे पिंजऱ्यात आहेत. तेंडुलकरांच्या नाटकात बेणारे पिंजऱ्यात आहे, प्रतिष्ठित माणसे न्यायासनाभोवती आहेत आणि अनुपस्थित आहे तो प्रोफेसर दामले. बाहेरचा म्हणून तिथे आहे तो गावातला भाबडा सामंत. तो हातातल्या कादंबरीच्या आधाराने साक्ष रचतो आणि नकळत छळाला हातभार लावतो. बाहेरच्याला आत घेतल्याने न्याय होतोच असे नाही, हे तेंडुलकरांना दिसले होते. प्रीस्टलींचा आगंतुकावरील विश्वास त्या तुलनेत अधिक आशावादी ठरतो. भारतीय रंगभूमीशी या नाटकाचे नाते बंगालीत प्रत्यक्ष आहे. अजित गंगोपाध्याय यांनी त्यावरून 'थाना थेके आसछि' हे नाटक लिहिले आणि १९६५ मध्ये हिरेन नाग यांनी त्याचा चित्रपट केला. त्यात उत्तमकुमार यांनी इन्स्पेक्टरची भूमिका केली. कलकत्त्याच्या धनिक घरात हे संविधानक सहज सामावले, याचे कारण ते घर ब्रम्लीच्या घरापेक्षा फारसे निराळे नव्हते.

अखेरच्या घंटेचा विचार आता करता येतो. सारे निवांत झाले असताना दूरध्वनी वाजतो. जंतुनाशक प्यायलेली एक मुलगी रुग्णालयात नेताना मरण पावली आहे, आणि पोलीस अधिकारी चौकशीसाठी निघाला आहे. पडदा पडतो. गोगोलच्या १८३६ मधील प्रहसनाचा शेवट येथे स्मरतो. तोतयाचे बिंग फुटल्यावर खरा सरकारी अधिकारी आल्याची वर्दी येते आणि सारे गाव थिजून उभे राहते. पु. ल. देशपांडे यांच्या 'अंमलदार'मुळे मराठी रसिकाला हे प्रहसन परिचित आहे. गोगोलकडे खरा अधिकारी म्हणजे धाक. प्रीस्टलींच्या शेवटालाही बहुतेक प्रेक्षक शिक्षेचा शेवट मानतात : खोट्यातून सुटलेले खऱ्याच्या हाती सापडले.

परंतु नाटकाचा तर्क अखेरपर्यंत नेला, तर निराळे चित्र दिसते. येणारा अधिकारी खरा असेल. त्याच्यापाशी अधिकारपत्र असेल, आणि त्या अधिकारपत्राची मर्यादाही. तो मृत्यूचे कारण विचारील, नोंद करील. त्याचा वरिष्ठ कर्नल रॉबर्ट्स हा बर्लिंगचा गोल्फच्या मैदानावरचा सोबती आहे. नामुष्की होईल, कदाचित 'सर' पदवी हुकेल. पण खऱ्या इन्स्पेक्टरला सांभाळून घेता येते, हे बर्लिंगला ठाऊक आहे. ज्याला सांभाळून घेता येत नव्हते असा एकच माणूस त्या रात्री घरात आला होता, आणि तो खोटा आहे हे सिद्ध करण्यात या घराने आपली सारी बुद्धी खर्च केली. दूरध्वनीची घंटा ही म्हणूनच शिक्षेपेक्षा हुकलेल्या संधीची घंटा आहे.

१९५६ नंतर इंग्रजी रंगभूमीचे वळण बदलले, तसे हे नाटक हौशी आणि फिरत्या मंडळ्यांचे जुनाट रहस्यनाट्य समजले जाऊ लागले. १९९२ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरसाठी स्टीफन डॉल्ड्री यांनी त्याचा प्रयोग केला, तेव्हा त्यातील आशय पुन्हा उजळून निघाला. बर्लिंगचे घर उंच खांबांवर तोललेले, भोवती युद्धकालीन उजाड रस्ता, आणि त्या रस्त्यावर मुकी उभी असलेली माणसे, अशी ती मांडणी होती. त्या प्रयोगात एडना ही मोलकरीणही सतत डोळ्यांसमोर ठेवलेली होती. संहितेत तिच्या वाट्याला मोजकी वाक्ये आहेत. इन्स्पेक्टर आल्याची वर्दी तीच देते. इव्हाच्या वर्गातली, कदाचित तिच्याच वयाची ही मुलगी त्या घरात रोज वावरते. तिला कोणी एकही प्रश्न विचारत नाही, इन्स्पेक्टरसुद्धा नाही. नाटकाने न विचारलेला हा प्रश्न प्रयोगाने विचारला. आगंतुकाची वाट पाहण्याची गरज ज्या घराला लागते, त्या घरात दार उघडणारा हात आधीपासून असतोच.